मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत गादीवाफ्यांवरची परसबाग : वाफ्याची उंची, माती आणि उन्हाळ्यातले पाणी

प्रश्न
बालाघाट_परसदार (अंबाजोगाई तालुका)

सर्वांना नमस्कार.

आमचे घर गावठाणाच्या कडेला आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि मुलगी अशी पाच माणसे आहेत. घरामागे साधारण २५ फूट रुंद आणि ३० फूट लांब मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे गोठा होता. आता जनावरे शेतातल्या आखाड्यावर असतात आणि जागा रिकामी पडून आहे. माती काळी आहे. श्रावणात पाऊस लागून राहिला की तिथे चार-चार दिवस पाणी हटत नाही, आणि चैत्र-वैशाखात अशा भेगा पडतात की खुरप्याचा दांडा सहज आत जातो.

गावात भाजी मिळते ती आठवडी बाजाराच्या दिवशी. पालेभाजी तिसऱ्या दिवशी सुकून जाते, आणि उरलेले दिवस बेसन, वरण आणि ठेचा यांवर निघतात. मुलीच्या ताटात रोज काहीतरी हिरवे असावे आणि ते घरचेच असावे, अशी मनापासून इच्छा आहे. मोबाईलवर पाहिले तर कमरेइतक्या उंचीच्या लाकडी चौकटींमध्ये भाजी लावलेली दिसते. त्या चौकटींचा खर्च मोठा आहे, आणि आपल्या हवेत त्या कितपत टिकतील हे कळत नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. आमच्यासारख्या जागेत वाफे उंच करावेत का, आणि करायचे तर किती? त्यात कोणती माती भरावी? बोअरचे पाणी माघापर्यंत पुरते. पुढे एप्रिल-मे महिन्यांत बागेसाठी दिवसाला फार तर १०० लिटर पाणी काढता येईल. एवढ्या पाण्यावर पाच माणसांचे घर भाजीपुरते स्वावलंबी होऊ शकते का? मृगाला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच विचारून कामाला लागावे असे ठरवले आहे.


उत्तर
निवृत्त कृषी सहायक (परभणी)

ताई, नमस्कार. आपण पाण्याचा आकडा प्रश्नातच दिला हे फार चांगले केले, कारण आपल्या भागात परसबागेचा आकार जागेवर ठरत नाही, वैशाखात हाताशी किती पाणी आहे त्यावर ठरतो. म्हणून आधी तोच हिशोब मांडतो आणि मग वाफ्यांकडे येतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे बरोबर एक लिटर पाणी देणे. मराठवाड्यात मे महिन्यातले ऊन आणि कोरडा वारा पाहता उघड्यावरच्या भाजीपाल्याला चौरस मीटरमागे रोज ढोबळमानाने ८ ते १० लिटर पाणी लागते. त्याच वाफ्यावर जाड आच्छादन घातले आणि वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली, तर ५ ते ६ लिटरांत भागते. आपले १०० लिटर उघड्या बागेत १० ते १२ चौरस मीटरांना पुरतील. जाळी आणि आच्छादन असेल तर १६ ते २० चौरस मीटरांना पुरतील. १० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा ३.७ चौरस मीटरांचा होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपण चार, फार तर पाच वाफे जगवू शकाल. आपल्या जागेत दीड फुटाच्या वाटा सोडून असे आठ वाफे सहज बसतात, शिवाय एका अंगाला मांडव आणि खताचा खड्डा यांनाही जागा उरते. तेव्हा खरिपात आणि रब्बीत आठही वाफे चालवावेत आणि फाल्गुनानंतर निम्मे मोकळे ठेवावेत, असा बेत आत्ताच धरावा. चार फुटांपेक्षा रुंद वाफा मात्र करू नये, कारण दोन्ही बाजूंच्या वाटांवरून मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. वाफ्यात कधीही पाय न ठेवणे हा गादीवाफ्याचा निम्मा फायदा आहे, आणि ओल्या काळ्या मातीत तर तो निम्म्याहून जास्त आहे.

आता उंची. कमरेइतक्या चौकटी थंड आणि पावसाळी देशांत सोयीच्या असतात. तिथे माती लवकर तापावी आणि पाणी लवकर निघून जावे, हीच गरज असते. आपल्याकडे त्या चौकटीला चारही बाजूंनी ऊन आणि वारा लागतो, माती कडेकडून आत सुकत जाते आणि पाण्याची मागणी वाढते. पण जमीन सपाट ठेवूनही चालणार नाही, कारण श्रावणात साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांग्याची रोपे मरतात. म्हणून वाटेच्या तळापासून वाफ्याच्या माथ्यापर्यंत ६ ते ८ इंच एवढीच उंची ठेवावी. रोपवाटिकेसाठी शेतकरी जो गादीवाफा करतात तोच हा.

त्यासाठी माती विकत आणण्याची गरज नाही. वाटेची चार इंच माती उकरून दोन्ही बाजूंच्या वाफ्यांवर ओढली की वाट खाली जाते, वाफा वर येतो, आणि वाट पावसाळ्यात पाणी काढून देणारी चारी होते. या चारीचा उतार घरापासून लांब आणि एकाच दिशेने ठेवावा. हस्ताचा पाऊस संपला की चारीचे तोंड मातीने बुजवून टाकावे, म्हणजे रब्बीत तीच वाट पाणी धरून ठेवेल. काठाला उभ्या विटा, दगड किंवा शहाबादी फरशीचे तुकडे लावले तर पावसाने कड ढासळत नाही. तुराट्यांचा कूडही लावता येतो. पण त्याला वाळवी लागते आणि तो दर एक-दोन वर्षांनी बदलावा लागतो.

काळी माती कधी उकरावी याला फार महत्त्व आहे. कोरडी असताना तिची ढेकळे दगडासारखी निघतात आणि ओली असताना ती खोऱ्याला चिकटून तिचा लगदा होतो. वाफसा, म्हणजे खणायला योग्य अशी ओल, आला की नाही हे असे पाहावे : चार इंच खालची मूठभर माती घेऊन गोळा वळावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटून भुगा झाला तर काम सुरू करावे, तो नुसता चपटा झाला तर दोन दिवस थांबावे. सध्या माती कोरडी असेल, म्हणून एक वाफ्याची जागा आज भिजवून तीन-चार दिवसांनी खणावी आणि असे एकेक करत पुढे जावे.

भरण्यासाठी दोन भाग आपलीच माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे प्रमाण पुरेसे आहे. पोयटा, म्हणजे भुसभुशीत मऊ माती, मिळाला तर एक भाग तोही घालावा. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आणि चिकण जास्त असल्यामुळे खतच तिला भुसभुशीत ठेवते. थोडीशी वाळू मिसळून ते काम होत नाही, उलट माती वाळल्यावर आणखी कडक होते. तलावातला गाळ पुष्कळ लोक आणून टाकतात. मुरमाड, हलक्या शेताला तो उत्तम आहे. पण आपल्या काळ्या मातीत तो मिसळणे म्हणजे चिकणात आणखी चिकण मिसळणे होय. कच्चे शेण तर मुळीच घालू नये, त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. कुजलेल्या खताला शेणाचा वास राहत नाही, हातात घेतल्यावर ते ऊबदार लागत नाही आणि त्यातले काडीकचऱ्याचे तुकडे ओळखू येत नाहीत. वाफ्याच्या तळाला खडी किंवा प्लास्टिकचा कागद घालण्याची पद्धत दिसते. त्याने पाण्याचा निचरा सुधारत नाही आणि मुळे मात्र अडतात.

जुन्या गोठ्याची जागा हे आपले भाग्य आहे, पण तिथे एक काळजी घ्यावी लागेल. अशा मातीत मूत्र-शेणामुळे नत्र (नायट्रोजन) भरपूर असते. पालेभाजी तिथे उत्तम येईल. वांगी, टोमॅटो आणि भेंडी मात्र पहिल्या वर्षी माजतात, नुसता पाला वाढतो आणि फळ उशिरा धरते. म्हणून गोठ्यात शेण-मूत्र पडत असे ती बाजू पहिल्या वर्षी पालेभाज्यांना द्यावी आणि त्या बाजूला शेणखत घालू नये. मातीवर पांढरी खार फुटलेली दिसत असेल, तर वरचा दोन इंच थर खरवडून बाहेर टाकावा. जिल्ह्याच्या मृद परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिला, तर सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तिन्ही आकडे हातात येतील. नमुना आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून घ्यावा.

राहिला स्वावलंबनाचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. पाच माणसांना दिवसाला २ किलो आणि वर्षाला ७३० किलो भाजी लागेल. हेक्टरी १० टन उत्पादन म्हणजे चौरस मीटरमागे एक किलो. भेंडी, पालक, मेथी साधारण या पातळीवर किंवा थोड्या वर असतात. वांगी आणि टोमॅटो तीन-चार किलोंपर्यंत जातात. आठ वाफ्यांचे क्षेत्र ३० चौरस मीटर धरून खरीप आणि रब्बी पूर्ण व उन्हाळा निम्मा असा हिशोब केला, तर वर्षाला १२० ते १५० किलो भाजी निघेल, म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा. कांदे, बटाटे, कोबी विकतच घ्यावे लागतील, त्यांना वाफा अडकवू नये. पण पालेभाजी, कोथिंबीर, हिरवी मिरची, कढीपत्ता, वांगी आणि वेलभाज्या यांपुरते घर आषाढापासून फाल्गुनापर्यंत बाजाराकडे पाहणार नाही, एवढे खात्रीने सांगतो. आठवड्यातून एकदा बाजार भरणाऱ्या गावात ताज्या हिरव्या भाजीची खरी उणीव नेमकी तिथेच असते.


उत्तर
देवणी_परसबाग (उदगीर)

काकांनी वाफ्यांचे सविस्तर सांगितले आहेच. मी आमच्या गटातल्या बायका परसात काय लावतात आणि पाणी कसे पुरवतात ते लिहिते.

ताई, उन्हाळ्यात जे चार वाफे ठेवाल ते उंच ठेवू नका. होळीनंतर वाफ्यावरची माती कडेला ओढून तिचा बांध करा आणि मधला भाग खोलगट करा. दिलेले पाणी मग बाहेर ओघळत नाही आणि वाऱ्यापासूनही आडोसा मिळतो. मृगाच्या आधी तीच माती परत मध्ये ओढली की गादीवाफा तयार होतो. हे काम कष्टाचे वाटते, पण माती भुसभुशीत असली तर एका वाफ्याला एक सकाळ पुरते.

आच्छादनासाठी सोयाबीनचे भुसकट सर्वांत चांगले; ते आपल्याकडे राशीच्या वेळी ढिगाने मिळते. उसाचे पाचट असेल तर वीतभर तुकडे करून घाला. चार बोटे जाड थर द्या आणि रोपाच्या बुंध्याशी थोडी जागा मोकळी सोडा. पाणी द्यायचे ते आच्छादन बाजूला सारून मुळाशी द्या. वरून शिंपडलेले पाणी भुसकटच पिऊन टाकते. पाणी संध्याकाळी द्यावे, कारण मग ते रात्रभर मुरते.

वेलांसाठी मातीची मडकी पुरतो. वाफ्याच्या मध्ये गळ्यापर्यंत मडके पुरायचे, त्यात पाणी भरायचे, वर झाकण ठेवायचे आणि भोवताली काकडी, दोडका किंवा कारल्याच्या तीन-चार बिया टोकायच्या. मडके मात्र पाझरणारे हवे. घरातला जुना माठ वापरावासा वाटतो. पण आपल्या बोअरच्या जड पाण्याने त्याची छिद्रे चुन्याने बुजलेली असतात, म्हणून तर तो पाणी गार करेनासा होतो आणि आपण तो बाजूला ठेवतो. रात्री मडके भरून ठेवावे; सकाळी बाहेरून हात फिरवल्यावर ओल लागली तरच ते पुरावे.

आता काय लावावे. मृगात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, अंबाडी आणि मिरची-वांग्याचे रोप टाकायचे. पालेभाजी एकाच दिवशी सगळ्या वाफ्यात पेरू नका. मेथी महिन्याभरात काढायला येते, आणि दोन वाफे मेथी एकदम तयार झाली की निम्मी गल्लीत वाटावी लागते. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरला, तर दर आठवड्याला दोन जुड्या निघत राहतात. पालक मुळासकट उपटू नका, दोन बोटे वर कापा. तीन-चार कापण्या मिळतात. अंबाडी शेंडा खुडून घेतली की बाजूने फुटते, आणि कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी महिनाभर घरात कमी पडत नाही. शेपू, चुका, चाकवत हे दसऱ्यानंतर पेरा. करडईची दाट ओळ टाकली तर कोवळ्या पाल्याची भाजी होते. ती फार दिवस कोवळी राहत नाही, म्हणून ती वितीएवढी असतानाच खुडावी. टोमॅटोची रोपे भाद्रपदात तयार करून आश्विनात लावली की फळ थंडीत धरते. उन्हाळ्यात रात्रीही उकाडा राहतो आणि टोमॅटोची फुले गळून पडतात, त्या दिवसांत त्याच्यावर पाणी घालत बसू नये.

चैत्र-वैशाखात तग धरतात त्या गवार, चवळी, तांदुळजा, राजगिरा आणि घोळ. तांदुळजा आणि घोळ तर पेरावीही लागत नाहीत. वाफ्यात आपोआप उगवतात आणि आपण तण म्हणून उपटतो. त्या राहू द्याव्यात.

काकांनी दिलेला हिशोब मी आणखी थोडा पुढे नेते. स्वावलंबन वाफ्यातून जेवढे येते तेवढेच वाळवणातून येते. माघात हरभऱ्याचा पाला भरपूर असतो. तो खुडून सावलीत वाळवून डब्यात भरला की वैशाखात ज्वारीच्या भाकरीबरोबर हरभऱ्याची भाजी होते. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, मेथी, कोवळी अंबाडी हे सगळे आपल्या सासूबाईंना ठाऊक असेल. पालेभाजी उन्हात वाळवू नये, तिचा रंग आणि कस दोन्ही जातात; जाळीखाली किंवा ओसरीत पातळ पसरून दोन-तीन दिवसांत ती कुरकुरीत होते. बागेला पाणी कमी असते त्या तीन महिन्यांची भाजी पौष-माघातच घरात साठवता येते.

एक झाड आवर्जून लावा, शेवगा. वाफ्यात लावू नका, पश्चिमेच्या कुंपणाशी लावा, म्हणजे दुपारनंतरची सावली वाफ्यांना मिळेल. शेंगा तर मिळतातच, पण पानांची भाजी वर्षभर मिळते हे पुष्कळ घरांत वापरातच नाही. झाड छातीएवढे झाले की शेंडा खुडा, नाहीतर ते सरळ वर जाते आणि हाताला येत नाही.


बालाघाट_परसदार

दोघांचेही मनापासून आभार. वाटेची माती वाफ्यावर ओढायची हे वाचून घरच्यांचाही उत्साह वाढला. काल एका वाफ्याची जागा भिजवून ठेवली आहे.

आणखी दोन गोष्टी विचारते. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे; त्यातून बाहेर पडणारे पाणी आणि मोरीचे पाणी बागेला वापरता आले, तर उन्हाळ्यात आणखी एखादा वाफा वाढवता येईल. ते चालेल का? दुसरे असे की कुंपणालगत दर पावसाळ्यात भेंडीची काही झाडे असतात आणि त्यांची पाने पिवळी पडतात. कोणी लोह द्या म्हणतात, कोणी युरिया टाका म्हणतात. खात्रीने कसे ओळखावे?


उत्तर
निवृत्त कृषी सहायक (परभणी)

यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी बागेला देऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. आपले मूळ पाणीच जड असते. त्याहून खारे पाणी काळ्या मातीत रोज गेले, तर काही महिन्यांत वाफ्याच्या कडेला पांढरा थर दिसू लागेल. भांडी पहिल्यांदा विसळायला किंवा अंगण धुवायला ते वापरावे, आणि ते धुवण वाफ्यांच्या दिशेने वाहणार नाही एवढे पाहावे.

मोरीच्या पाण्याचे दोन भाग करावेत. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेले पाणी थेट कोणत्याही वाफ्याला द्यावे. साबण आणि धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र वाफ्यात जाऊ नये, कारण त्यातल्या सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होऊन ती चोपण होते, आणि मग पाणी वरच थांबते. अंघोळीचे पाणी वाळू-खडीच्या छोट्या खड्ड्यातून काढून केळी, शेवगा किंवा पपई यांच्या आळ्याला सोडता येते. कच्ची खाण्याची भाजी, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, त्या पाण्यावर कधीही घेऊ नये. पावसाळ्यात चांगला पाऊस झाला की वर्षभराचे क्षार खाली धुऊन जातात. म्हणून पावसाळ्यात वाफ्यांवर प्लास्टिक झाकून ठेवू नये.

आता भेंडी. पिवळे पान हातात घेऊन उन्हाकडे धरा आणि शिरा पाहा. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, तोही शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर आधी, असे दिसले तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण पिकाला घेता येत नाही. अशा वेळी शेणखत वाढवणे हा टिकाऊ उपाय आहे, आणि तातडीने हवे असेल तर लोहाची फवारणी पानावर करावी; मातीत टाकलेले हिराकस (लोहाचे खत) चुनखडीत अडकून पडते. खालची जुनी पाने आधी सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी आहे. आणि शिराच पिवळ्या पडून त्यांचे जाळे उठून दिसत असेल, मधला भाग हिरवा असेल, तर तो केवडा रोग, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणू रोग आहे. त्यावर ना लोह चालते ना युरिया. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे, नाहीतर पांढरी माशी तो रोग साऱ्या झाडांवर नेते. आपल्याकडे चहूकडे कापूस असल्यामुळे पांढऱ्या माशीला तोटा नाही.

याच रोगासाठी आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनी हे भेंडीचे जुने वाण आणि भेंडीची एक रानटी जात यांच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ हे वाण काढले. ते सरळ वाण आहे, म्हणजे बी घरी धरता येते. पुढच्या काळात रोगाचे विषाणूही बदलत गेले, त्यामुळे ते लावले म्हणून निश्चिंत राहता येत नाही. तरीही घरगुती बागेत मी आजही तेच लावतो, कारण फळ कोवळे आणि गर्द हिरवे निघते आणि दरवर्षी बियाण्याची पुडी विकत घ्यावी लागत नाही. पिवळ्या रंगाचा चिकट सापळा आठ वाफ्यांत दोन ठिकाणी लावून ठेवा. रोप उगवल्यापासून पहिला महिना माशी आवरली तर पुढे तोडणी चांगली होते.

फवारणीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क घरीच करावा. आषाढात निंबोळ्या पडतात तेव्हा गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम बिया भरड कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात किंचित साबण मिसळावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. वांग्याचे शेंडे मलूल होऊन झुकलेले दिसले तर फवारणीची वाट पाहू नये. शेंड्यात अळी असते, तो बोटभर खाली खुडून पाण्यात बुडवावा किंवा जाळावा.


प्रश्न
गच्चीवाला_सिडको (छत्रपती संभाजीनगर)

चर्चा वाचून एक विचारतो. आमच्याकडे अंगण नाही, स्लॅब आहे. एक फूट उंचीचा असाच वाफा विटा लावून गच्चीवर केला तर चालेल का?


उत्तर
निवृत्त कृषी सहायक (परभणी)

आपण वजनाचा हिशोब आधी करावा. ओल्या मातीचा एक फूट थर चौरस मीटरमागे ५०० किलोंच्या आसपास भरतो. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार धरून आखलेला असतो. अभियंत्याला दाखवल्याशिवाय मातीचा वाफा करू नये, आणि माळवदाच्या घरावर तर मुळीच करू नये. सहा इंच खोलीच्या पिशव्यांत कोकोपीट व गांडूळखत भरून, त्या भिंतींच्या आणि तुळयांच्या वर मांडून मेथी, कोथिंबीर, पालक उत्तम येतात. गच्चीवर ऊन जास्त लागते, तेव्हा फाल्गुनापासून जाळी हवीच.


उत्तर
तेरणाकाठ (औसा)

बियाण्यांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. घर भाजीत स्वावलंबी व्हायचे असेल तर बीही घरचे असले पाहिजे. दर हंगामाला पुड्या आणायच्या ठरल्या तर परसबागेचा खर्च तिथेच वाढतो.

आमच्या तालुक्यातल्या आशीव भागाची कास्ती कोथिंबीर वासासाठी प्रसिद्ध आहे. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावरान कोथिंबिरीचे धणे मिळाले तर ते पेरण्याआधी चपलेने हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत आणि रात्रभर भिजवावीत. अख्खा धणा उगवायला फार दिवस घेतो. बियाण्यासाठी मेथी, कोथिंबीर, पालक यांचा एक हातभर तुकडा न कापता तसाच सोडावा. भेंडी, गवार आणि चवळीच्या सगळ्यांत निरोगी झाडावरच्या, मधल्या बहरातल्या दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. आपण नेहमी चांगल्या शेंगा खातो आणि राहिलेल्या, किडक्या शेंगांचे बी धरतो. त्याने दरवर्षी वाण उतरत जाते. वाळलेले बी राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवावे. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

वेलभाज्यांच्या बाबतीत काळजी घ्यावी. दोडका आणि घोसाळे शेजारी लावले तर मधमाश्यांमुळे त्यांचा संकर होऊ शकतो, म्हणून बी धरायचे असेल त्या वर्षी दोहोंपैकी एकच लावावे. दुधी भोपळा घरच्या बियाण्याचा असो की विकतच्या, कापल्यावर एक लहान तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर लगेच थुंकून सगळा फेकून द्यावा. कडू दुधीचा रस किंवा भाजी पोटात गेली तर उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो, आणि शिजवल्याने ते विष जात नाही. हे घरातल्या सर्वांना, विशेषतः सकाळी दुधीचा रस घेणाऱ्या थोरल्या माणसांना सांगून ठेवावे.

ताईंनी पहिल्या वर्षी सगळे बी जमवण्याच्या मागे लागू नये. भेंडी, चवळी, मेथी आणि अंबाडी या चार पिकांचे बी धरले तरी पुढच्या मृगाला निम्मे वाफे घरच्या बियाण्यावर पेरता येतील. अंबाडीचे बी हवे असल्यास आमच्याकडे लाल देठाच्या गावरान जातीचे आहे. त्याची मूठभर पुडी अंबाजोगाईला येणाऱ्या कोणाच्या हाती देता येईल.


बालाघाट_परसदार

दादा, अंबाडीचे बी नक्की हवे आहे. लातूरहून येणाऱ्या नातेवाइकांना सांगून ठेवते. सासूबाईंनी हरभऱ्याच्या पाल्याचे वाचले आणि रब्बीत आखाड्याजवळ हरभऱ्याच्या दोन ओळी खास खुडण्यासाठी पेरायच्या असे त्यांनीच ठरवले. मातीचा नमुना या आठवड्यात देत आहोत. अहवाल आला की त्यातले आकडे इथेच लिहीन, तेव्हा काकांनी ते कृपया एकदा पाहावेत.